१५ मिनिटं आणि ३४ स्लाइड्स: काय कापू, आणि मागच्या रांगेला दिसेल असं कसं करू?

नवी_पाटी

नमस्कार. ग्राहकांच्या तक्रारींचा सहामाही आढावा सादर करायचा आहे. बोलायला १५ मिनिटं, त्यानंतर ५ मिनिटं प्रश्नोत्तरं. सध्या ३४ स्लाइड्स झाल्या आहेत आणि एकही गाळावीशी वाटत नाही, कारण प्रत्येकीत काहीतरी आकडा आहे.

सभागृहातला पडदा साधारण २ मीटर रुंद आहे आणि शेवटची रांग पडद्यापासून १२ मीटरवर. दिवे पूर्ण बंद करता येत नाहीत. पॉवरपॉइंट वापरते. मजकूर मराठीत, मधूनमधून इंग्रजी शब्द आणि आकडे.

अडचणी अशा:

१. ३४ च्या किती कराव्यात, आणि कशा निवडाव्यात?
२. मजकूर मावावा म्हणून अक्षर १४ ते १६ पॉइंटवर आलं आहे. चालेल का?
३. तक्रारींचे १२ प्रकार आणि ६ महिने असा ७२ आकड्यांचा तक्ता आहे. तो कसा दाखवावा?
४. दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल उघडली की मराठी ओळी सरकतात, कधी चौकटीबाहेर जातात.

नेमकं काय करायचं ते सांगितलंत तर फार मदत होईल.

---

रेघोटी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातूनच निघतं.

१४ पॉइंट चालणार नाही. हिशोब करून बघा. पॉवरपॉइंटची १६:९ स्लाइड ७.५ इंच उंच असते, म्हणजे ५४० पॉइंट. पडदा २ मीटर रुंद असेल तर चित्राची उंची येते सुमारे ११२ सेंमी. त्यात १४ पॉइंटच्या ओळीच्या वाट्याला २.९ सेंमी येतात, आणि एवढ्यातच वरची वेलांटी नि खालचा उकारही बसवायचा असतो. शिरोरेषेखालचं मूळ अक्षर उरतं साधारण निम्मं, दीड सेंमीच्या आसपास.

आता डोळे तपासायचा तक्ता आठवा. त्यातल्या ६/६ च्या ओळीतलं अक्षर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं (एका अंशाची ६० मिनिटं, ती मिनिटं). १२ मीटरवर हा कोन म्हणजे पावणेदोन सेंमी. तुमचं अक्षर त्याहून लहान आहे. चष्म्याची गरज नसलेल्या माणसालाही शेवटच्या रांगेतून ते धड ओळखू येणार नाही, मग ‘क्ष्म’, ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरं तर काळा ठिपकाच दिसतील. १८ पॉइंटला तुम्ही जेमतेम त्या सीमेवर येता. पण सीमेवर असणं म्हणजे डोळे बारीक करून वाचणं. आरामात वाचता यायला त्याच्या दीडपट ते दुप्पट उंची हवी. तुमच्या सभागृहात ती २८ ते ३२ पॉइंटला मिळते. शीर्षक ३६. आलेखावरची नावं आणि आकडेही २४ च्या खाली नेऊ नका. लोक मुख्य मजकूर मोठा करतात आणि आलेखाचे अक्ष १० पॉइंटवरच राहून जातात.

पडद्यापाशी जाऊन पाहणं शक्य नसेल तर घरी अशी चाचणी घ्या. शेवटची रांग पडद्याच्या रुंदीच्या सहापट दूर आहे (१२ भागिले २). १४ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३१ सेंमी रुंद असतो. त्याच्या सहापट म्हणजे १८६ सेंमी. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, टेपनं १८६ सेंमी मोजून तिथे उभे राहा आणि वाचा. तुमच्या शेवटच्या रांगेला अक्षर एवढंच दिसणार आहे. खोलीतला दिवा लावून बघा, अंधारात नको.

एक बिघाड हमखास होतो. मजकूर चौकटीत मावला नाही की पॉवरपॉइंट न विचारता अक्षर लहान करतं. त्यामुळे एका स्लाइडवर २८, दुसरीवर २३, तिसरीवर १९ असं होत जातं आणि करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चौकटीवर उजवी टिचकी, ‘फॉरमॅट शेप’, त्यात ‘टेक्स्ट बॉक्स’, आणि तिथे ‘डू नॉट ऑटोफिट’ निवडा. हे प्रत्येक स्लाइडवर करत बसू नका. ‘व्ह्यू’मधल्या ‘स्लाइड मास्टर’मध्ये एकदा केलं की त्या मांडणीच्या सगळ्या स्लाइड्सना लागू होतं. ज्या स्लाइडवर आधी हातानं बदल केले आहेत तिथे ‘होम’मधलं ‘रीसेट’ दाबावं लागेल. मग जे चौकटीबाहेर सांडेल ते जास्तीचं आहे असं समजा.

२८ पॉइंटला एका ओळीत आठ-नऊ मराठी शब्द बसतात आणि शीर्षक सोडून पाच-सहा ओळी नीट दिसतात. म्हणजे स्लाइडवर चाळीस-पन्नास शब्द ही वरची हद्द झाली. तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही.

---

कागदी_होडी

रेघोटी यांनी दिलेले पॉइंट फक्त पॉवरपॉइंटसाठी धरा. गूगल स्लाइड्समध्ये नवी फाइल उघडली तर पान १० बाय ५.६२५ इंचांचं असतं, म्हणजे उंची ४०५ पॉइंट. तिथलं १८ पॉइंट पडद्यावर पॉवरपॉइंटच्या २४ एवढं दिसतं. त्यामुळे २८ ऐवजी २१, ३६ ऐवजी २७ असं पाऊण पटीनं धरायचं. एका फाइलमधली चौकट उचलून दुसरीत चिकटवली की अक्षर अचानक लहान किंवा मोठं का वाटतं, त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

---

कात्री_डिंक

कापायची पद्धत सांगतो. यात स्लाइडच्या सजावटीला हातही लावायचा नाही.

‘व्ह्यू’मध्ये ‘आउटलाइन व्ह्यू’ उघडा. डावीकडे फक्त शीर्षकं आणि मजकूर दिसेल. आता ३४ शीर्षकं एकाखाली एक वाचा. बहुधा ती अशी असतील: ‘प्रस्तावना’, ‘तक्रारींचे प्रकार’, ‘महिनावार आकडेवारी’, ‘विश्लेषण’. ही शीर्षकं विषयाचं नाव सांगतात, पण त्या विषयात काय घडलं याबद्दल गप्प असतात. प्रत्येकाच्या जागी पूर्ण वाक्य लिहा, क्रियापदासकट. ‘तक्रारी घटल्या, पण उत्तर द्यायला लागणारे दिवस तेवढेच राहिले.’ ‘निम्म्याहून जास्त तक्रारी दोनच प्रकारांच्या आहेत.’ दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नका.

हे करताना तीन गोष्टी आपोआप होतात. काही स्लाइड्सना वाक्यच सुचत नाही. त्यांत आकडे आहेत पण सांगण्यासारखं काही नाही. त्या गेल्या. काहींची वाक्यं एकसारखी निघतात. त्या एकत्र करा. आणि काहींना तीन-तीन वाक्यं लागतात, त्या फोडा. तुमची ‘प्रत्येकीत आकडा आहे’ ही अडचणही इथेच सुटेल. आकडा असणं हे स्लाइड ठेवायला पुरेसं कारण नाही. त्या आकड्यामुळे ऐकणाऱ्याचा निर्णय बदलणार असेल तर ठेवा.

उरलेल्यांचे तीन गठ्ठे करा: बोलताना दाखवायच्या, कुणी विचारलं तर दाखवायच्या, आणि फक्त कागदावर द्यायच्या. दुसरा गठ्ठा फाइलच्या शेवटी, शेवटच्या स्लाइडनंतर ठेवा. तिसरा फाइलमधून काढूनच टाका.

किती उरायला हव्यात? १५ मिनिटांतलं पहिलं मिनिट ‘हे कशासाठी आणि तुमच्याकडून काय हवं’ यात जातं. शेवटची दोन मिनिटं मागणीसाठी राखा. उरली बारा. नवा आलेख पडद्यावर आला की लोक आधी अक्ष वाचतात, मग रेघा बघतात, आणि त्यानंतर तुमचं बोलणं ऐकू लागतात. त्यामुळे आलेखाच्या स्लाइडला दीड-दोन मिनिटं द्यावीच लागतात. या हिशोबानं तुमच्या ८ ते १० स्लाइड्स व्हाव्यात.

शेवटच्या स्लाइडबद्दल आग्रहानं सांगतो. तिथे ‘धन्यवाद’ लिहू नका. प्रश्नोत्तरांची पाचही मिनिटं तीच स्लाइड समोर राहते. सबंध सादरीकरणात सर्वात जास्त वेळ पडद्यावर राहणारी जागा एका शब्दावर घालवायची नसते. तिथे तुमची मागणी लिहा: काय मंजूर करायचं, कुणी, कधीपर्यंत. आभार तोंडी माना.

---

वाचक_१२

उद्योजक-लेखक गाय कावासाकी यांचा १०-२०-३० चा नियम आहेच की: १० स्लाइड्स, २० मिनिटं, ३० पॉइंट. तोच लावला तर?

---

कात्री_डिंक

तो त्यांनी गुंतवणूकदारांपुढे मांडायच्या प्रस्तावांसाठी सांगितला होता. त्यातला ३० पॉइंटचा भाग रेघोटी यांच्या हिशोबाशी जुळतो. स्लाइडच्या संख्येचा नियम मात्र मी आंधळेपणानं लावणार नाही. एकच आलेख चार टप्प्यांत उलगडला तर मोजायला चार स्लाइड्स होतात, वेळ एकीचाच लागतो. उलट ७२ आकड्यांची एकच स्लाइड पाच मिनिटं खाते. संख्या मोजण्यापेक्षा प्रत्येक स्लाइडवर लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा, मोठ्यानं बोलून. मनातल्या मनात म्हटलेलं नेहमी लवकर संपतं.

---

आलेख_वही

तिसरा प्रश्न, ७२ आकड्यांचा तक्ता. तो पडद्यावर आणूच नका, कागदावर वाटा. पडद्यासाठी त्यातून एक गोष्ट निवडा. इथे दोन शक्यता आहेत.

सांगायचं असेल ‘कोणते प्रकार जास्त’, तर सहा महिन्यांची बेरीज करा आणि आडव्या पट्ट्यांचा आलेख काढा. आडव्या का? कारण मराठी नावं लांब असतात आणि उभ्या खांबांखाली ती तिरकी फिरवली जातात. मान वाकडी करून कुणी वाचत नाही. पट्ट्या मोठ्याकडून लहानाकडे लावा. एक्सेलमध्ये आडव्या पट्ट्या उलट क्रमानं येतात, पहिली ओळ सर्वात खाली. अक्षावर उजवी टिचकी देऊन ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’मध्ये ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर खूण करा. वरचे पाच प्रकार ठेवा, उरलेले सात ‘इतर’ म्हणून एका पट्टीत आणा, आणि ती आकारानं मोठी असली तरी सर्वात खाली ठेवा.

सांगायचं असेल ‘काय बदललं’, तर रेषांचा आलेख. बारा रेषा काढल्या की शेवयांचा गुंता होतो. दहा रेषा फिक्या राखाडी करा, ज्या दोघींबद्दल बोलायचं आहे त्यांनाच रंग द्या आणि जाडी ३ पॉइंट करा. रंगांची सूची पुसून टाका आणि रेषेच्या उजव्या टोकाला त्याच रंगात नाव लिहा. सूची असली की नजर रेषेकडून सूचीकडे आणि परत अशी फिरत राहते, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांना तर ती निरुपयोगीच असते. ‘व्ह्यू’मध्ये ‘ग्रेस्केल’ करून बघा. रंग गेल्यावरही आलेख कळला तर तो सर्वांना कळेल.

पट्ट्यांचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. पट्टीची लांबी हाच आकडा असतो, त्यामुळे अक्ष ८०० पासून सुरू केला तर ९०० ची पट्टी ८५० च्या पट्टीच्या दुप्पट दिसते. रेषेच्या आलेखात आपण चढ-उतार वाचतो, तिथे शून्याची सक्ती नाही, पण अक्ष कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसायला हवं.

पट्टीवर आकडा लिहिला असेल तर मागच्या रेघा आणि आकड्यांचा अक्ष दोन्ही काढून टाका. आकडे बोलण्याइतकेच नेमके ठेवा: तोंडानं ‘साडेतेवीस टक्के’ म्हणणार असाल तर पडद्यावर २३.४७ नको. आणि त्रिमितीय पट्ट्या नकोतच, त्यांचं टोक अक्षाच्या कुठल्या रेघेला लागतं तेच कळत नाही.

सर्वात महत्त्वाचं शेवटी. एक्सेलमधून आलेख चिकटवताना ‘एम्बेड वर्कबुक’चा पर्याय निवडला तर आलेखाबरोबर अख्खी वर्कबुक स्लाइडमध्ये जाते, तिची सगळी पानं धरून. ज्याला फाइल मिळेल तो आलेखावर उजवी टिचकी देऊन ‘एडिट डेटा’ करू शकतो आणि ग्राहकांची नावं, फोन क्रमांक, जे काही त्या वर्कबुकमध्ये असेल ते वाचू शकतो. तक्रारींच्या नोंदींच्या बाबतीत हा धोका खरा आहे. म्हणून लागणारे आकडेच नव्या कोऱ्या वर्कबुकमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून घ्या आणि आलेख तिथे काढा. घाई असेल तर चित्र म्हणून चिकटवा. ‘लिंक’चा पर्याय निवडला तर वर्कबुक स्लाइडबरोबर जात नाही, पण दुसऱ्या लॅपटॉपवर दुवा तुटतो आणि आलेख आपल्याला दुरुस्त करता येत नाही.

---

नवी_पाटी

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. शीर्षकांची वाक्यं करायला बसले, तर ३४ पैकी ११ ना वाक्यच मिळालं नाही.

एक अडचण उरते. फाइल दोन दिवस आधी वरिष्ठांना पाठवावी लागते आणि काही जण फक्त तीच वाचतात. मजकूर कमी केला तर त्यांना काय कळणार?

आणि काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं हे छान दिसतं. ते ठेवू का?

---

कात्री_डिंक

वाचायची फाइल आणि दाखवायची फाइल ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच फाइलवर दोन्ही लादली की वाचणाऱ्याला ती त्रोटक वाटते आणि बघणाऱ्याला गच्च. पडद्यावर परिच्छेद असला की माणूस तो वाचतो, तेवढा वेळ तुमचं बोलणं त्याच्या कानावरून जातं. त्यातही तुम्ही तोच परिच्छेद वाचून दाखवू लागलात तर त्याची गती तुमच्यापेक्षा जास्त असते. तो पुढे जाऊन थांबतो आणि कंटाळतो. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी शिकण्यावर केलेल्या प्रयोगांतूनही हेच पुढे आलं: चित्र आणि बोलणं एवढंच असताना लोकांना जास्त कळतं, त्यावर बोललेलीच वाक्यं लिहूनही दाखवली की कमी.

पण दोन फाइली वेगवेगळ्या बनवायची गरज नाही. स्लाइडखाली ‘नोट्स’ची जागा असते. स्लाइडवरून काढलेला प्रत्येक परिच्छेद तिथे ठेवा, पूर्ण वाक्यांत, जणू तुम्ही खोलीत नाही आहात. मग ‘प्रिंट’मध्ये जाऊन ‘फुल पेज स्लाइड्स’च्या जागी ‘नोट्स पेजेस’ निवडा आणि पीडीएफ करा. वर स्लाइड, खाली तिचं स्पष्टीकरण, असं एक-एक पान तयार होतं. ही पीडीएफ वरिष्ठांना पाठवा. ७२ आकड्यांचा तक्ता तिच्या शेवटी जोडा. सभागृहात मूळ फाइल चालवा.

मात्र मग नोट्समध्ये स्वतःसाठीच्या सूचना लिहू नका. ‘इथे थोडं थांब’ हे वरिष्ठांच्या हातात जाईल.

---

रेघोटी

काळ्या पार्श्वभूमीबद्दल. तुमच्या सभागृहात दिवे बंद होत नाहीत, तर नको. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळं म्हणजे तिथे प्रकाश न पाठवणं, एवढंच त्याच्या हातात असतं. दिव्यांचा उजेड पडद्यावर पडतोच, त्यामुळे लॅपटॉपवरचा गडद काळा तिथे मळकट राखाडी होतो आणि अक्षर नि पार्श्वभूमी यांतला फरक घटतो. उजेडाच्या खोलीत पांढरी किंवा अगदी फिकी पार्श्वभूमी आणि जवळजवळ काळं अक्षर. काळोख करता येत असेल, किंवा प्रोजेक्टरऐवजी मोठा टीव्ही असेल, तर काळं चांगलं दिसतं.

राखाडी मजकूर वापरताना मोजून वापरा. वेबवरच्या सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरासाठी ३:१ धरलेलं आहे. पांढऱ्यावर ४.५:१ मिळवायचं तर राखाडी १२० च्या आत ठेवावा लागतो (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा; लाल, हिरवा, निळा तिन्ही ११८ असेल तर नियम जेमतेम पाळला जातो). हा हिशोब लॅपटॉपच्या पडद्याचा झाला. प्रोजेक्टरवर तो फरक आणखी खाली येतो, म्हणून मजकूर ८९-८९-८९ किंवा त्याहून गडद ठेवा. तिथे प्रमाण ७:१ होतं. शुद्ध लाल पांढऱ्यावर जेमतेम ४:१ आहे, तो बारीक अक्षराला वापरू नका. पिवळं अक्षर पांढऱ्यावर दिसतच नाही.

---

अनुस्वार

चौथा प्रश्न राहिला होता. ओळी सरकतात कारण दुसऱ्या लॅपटॉपवर तुमचा फॉन्ट नसतो. मग संगणक आपल्या मनानं दुसरा देवनागरी फॉन्ट लावतो, त्याची रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. निर्मला यूआय विंडोजबरोबर येतो, मंगल मात्र नव्या विंडोजवर आपोआप असतोच असं नाही; मॅकवर तर दोन्ही असतीलच असं धरू नका.

उपाय: मुक्त परवान्याचा फॉन्ट घ्या, उदाहरणार्थ मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्हींत जाड-बारीक वजनं भरपूर आहेत. मग ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या वाटेनं जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करा. तिथे दोन पर्याय दिसतील. फक्त वापरलेली अक्षरं जोडली तर फाइल लहान राहते, पण तिथे ऐनवेळी एखादा शब्द बदलायचा झाला तर नवं अक्षर सापडत नाही. म्हणून सगळी अक्षरं जोडा. आणि तरीही पीडीएफची एक प्रत जवळ ठेवा.

युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेले जुने फॉन्ट, ज्यांत की-बोर्डवरच्या इंग्रजी अक्षरांना मराठी आकार चढवलेले असतात, ते वापरलेत तर प्रकरण याहून वाईट. फॉन्ट नसेल तिथे ओळी सरकत नाहीत, सरळ इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. जुन्या अहवालातून मजकूर उचलला असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग रफार, ‘र्‍य’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रूपांतरात तीच आधी बिघडतात.

देवनागरीसाठी आणखी काही:

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. ‘कॅरॅक्टर स्पेसिंग’ सैल केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात.

तिरपा ठसा टाळा. आपल्या लिपीत त्याची परंपरा नाही, बहुतेक फॉन्टांत तो वेगळा घडवलेलाही नसतो. संगणक सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा रंग बदला.

ओळींमधलं अंतर १.१ ते १.२ पट. जागा वाचवायला ‘एक्झॅक्टली’ निवडून आकडा कमी केलात तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

त्याच पॉइंटला इंग्रजी शब्द मराठीपेक्षा बहुधा मोठा दिसतो, आणि ओळीत तोच आधी डोळ्यात भरतो. तो दोन-तीन पॉइंटनं कमी करा, किंवा सरळ देवनागरीत लिहा. आकडे देवनागरी की इंग्रजी हे एकदा ठरवा आणि आलेखातही तेच ठेवा. मजकुरात ‘८७०’ आणि शेजारच्या आलेखात इंग्रजी आकडे, असं झालं की वाचणाऱ्याला मनात जुळवणी करावी लागते.

---

पडद्यामागे

सभागृहातलं मी सांगतो. अर्धा तास आधी पोचा आणि याच क्रमानं करा.

केबल लावली की ‘विंडोज + पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ ठेवलं तर तुमच्यासमोर नोट्स दिसणार नाहीत. नोट्स लोकांच्या पडद्यावर आणि स्लाइड तुमच्यासमोर अशी उलटापालट झाली तर नोट्स दाखवणाऱ्या ‘प्रेझेंटर व्ह्यू’च्या वरच्या बाजूला ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये अदलाबदलीचा पर्याय आहे. घरी एकाच पडद्यावर सराव करायचा असेल तर ‘ऑल्ट + एफ५’नं तोच देखावा उघडतो.

‘रिहर्स टायमिंग्ज’ वापरून सराव केला असेल तर इथे नीट लक्ष द्या. शेवटी पॉवरपॉइंट विचारतं, वेळा जतन करू का? ‘हो’ म्हटलंत तर खऱ्या सादरीकरणात त्या वेळा संपताच स्लाइड्स आपोआप पुढे सरकतात, तुम्ही बोलत असलात तरी. ‘स्लाइड शो’ टॅबमध्ये ‘यूज टायमिंग्ज’वरची खूण काढून टाका.

लॅपटॉपचं झोपणं आणि सूचनांचे फुगे दोन्ही बंद करा. चार्जर लावूनच ठेवा. बॅटरीवर काही लॅपटॉप पडद्याचा उजेड कमी करतात.

बोलताना उपयोगी कळा थोड्याच आहेत. ‘शिफ्ट + एफ५’ म्हणजे आत्ता उघडलेल्या स्लाइडपासून सुरू. मध्येच थांबावं लागलं तर पहिल्यापासून सगळं पळवत आणायला नको. ‘बी’ दाबली की पडदा काळा, पुन्हा दाबली की स्लाइड परत. चर्चा भलतीकडे गेली किंवा लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटलं की ती दाबा. ‘कंट्रोल + एल’नं माउसचा लाल ठिपका होतो.

अ‍ॅनिमेशन ठेवायचंच तर फक्त ‘अपिअर’. उडत येणारा मजकूर थांबेपर्यंत कुणाला वाचता येत नाही. आणि एक तांत्रिक कारण: पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन जात नाही, एकावर एक ठेवलेल्या सगळ्या गोष्टी एकाच पानावर एकदम छापल्या जातात. त्यापेक्षा ‘कंट्रोल + डी’नं स्लाइडची प्रत काढा आणि प्रत्येक प्रतीत एक-एक गोष्ट वाढवा. पीडीएफमध्येही टप्पे टिकतात.

---

नवी_पाटी

सगळं टिपून घेतलं. आता ९ मुख्य स्लाइड्स आणि मागे ७ राखीव आहेत. प्रश्न आला की त्या राखीव स्लाइडवर पटकन कसं जायचं? बाण दाबत गेले तर मधल्या सगळ्या दिसतील.

---

पडद्यामागे

स्लाइड शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबा. १३ आणि एंटर, की थेट तेराव्या स्लाइडवर. परत यायला ९ आणि एंटर. राखीव स्लाइड्सची यादी क्रमांकांसह एका कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा: ‘प्रकारवार खर्च १२, विभागवार तक्रारी १३’. स्लाइड क्रमांक पडद्यावरही दिसू द्या, म्हणजे विचारणाराही ‘सहावी परत दाखवा’ म्हणू शकतो.

चुकून पुढे गेलात तर राखीव स्लाइड्स दिसू नयेत म्हणून त्यांवर उजवी टिचकी देऊन ‘हाइड स्लाइड’ करा. लपवल्या तरी त्यांचे क्रमांक तेच राहतात आणि क्रमांक टाइप केला की त्या उघडतात. फक्त मूळ फाइल कुणाला पाठवलीत तर त्या तिच्यासोबत जातात आणि समोरच्याला डावीकडच्या पट्टीत दिसतात. पीडीएफ करताना लपवलेल्या स्लाइड्स घ्यायच्या की नाही याची खूण छपाईच्या पर्यायांत असते, ती पाठवण्याआधी बघून घ्या.